एकोणतीस नंबरची ओळ

बाबा, काल संध्याकाळी मी एकोणतीस नंबरच्या ओळीत उभी होते आणि मागून तुम्ही चालत येत होता. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. दरवर्षी कपाशी फुलायला लागली की असंच होतं. मी कळीला धागा बांधते, आणि तो तुम्ही मागून ओढून बघताय असं वाटत राहतं.

अकोल्याच्या या कपाशी संशोधनाच्या शेतावर तुम्ही मजूर म्हणून लागलात, मजूर म्हणूनच निवृत्त झालात. साहेब आले, बदलून गेले. पावसानं दडी मारली तरी तग धरणारं वाण काढायचा ध्यास तुमच्याकडेच राहिला. दर हंगामात त्या ओळीतली चांगली झाडं निवडायची, त्यांचीच सरकी पुढच्या वर्षी लावायची. बी शुद्ध राहावं म्हणून उद्या उमलणारी प्रत्येक कळी आज संध्याकाळी धाग्यानं बांधायची. मी रोजावर तुमच्या हाताखाली आले त्या पहिल्याच आठवड्यात माझे सैल धागे तुम्ही सगळ्या बायांसमोर सोडायला लावलेत. "काहून घाई करून राहिली? सकायी फूल उघडीन, दुसऱ्या झाडावरची माशी येईन, अन् माही बारा वर्सं गेली मातीत!" मी रडत रडत पुन्हा बांधले.

मग तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ओळ माझ्याकडे आली. पट्टी बांधलेले तुम्ही दवाखान्यात रोज एवढंच विचारायचात, "बांधल्या काय वं साऱ्या?" ऐन फुलोऱ्यात अमरावतीला मावसबहिणीचा साखरपुडा निघाला. मी दोन दिवस राहिले. परत आले तर आदल्या दिवशीची फुलं उघडून, मिटून, गुलाबी पडली होती. त्या गुलाबी फुलांनाच मी धागे बांधले, रजिस्टरमध्ये 'वेळेवर बांधली' असं लिहिलं, आणि दवाखान्यात येऊन तुम्हाला म्हटलं, "साऱ्या बांधल्या, बाबा."

पुढच्या हंगामात ओळीत मधेमधे भलतीच उंच, रुंद पानांची झाडं निघाली. साहेबांनी ओळ बंद केली. तुम्ही त्या झाडांपुढे उकिडवे बसलाय, एकेक पान चाचपताय. "माह्या डोयानं दगा देल्ला वं. निवडतानी चुकलो मी." मी शेजारीच उभी आहे. नंतर तुम्ही कपाशीचं नावच काढलं नाहीत, आणि दीड वर्षात गेलात.

तुमच्या पेटीत सरकीची एक डबी सापडली. ओळ माझ्या हाती येण्याआधीची. साहेबांच्या जागी आलेल्या नव्या मॅडमच्या हातापाया पडून मी ती लावली. त्याला अकरा हंगाम झाले. पोराला ताप असो, घरात पाहुणे असोत, फुलोऱ्यातली एक संध्याकाळ चुकवली नाही. यंदा ओळ एकसारखी उभी आहे, आणि आता बाळापूरकडच्या शेतांवर चाचणीला जाणार आहे. मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चिकाटी शिकावी तर हिच्याकडून." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून उभी राहिले, तर लोकांना तो माझा साधेपणा वाटला.

हे आईला वाचून दाखवायचं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. ती अजून येईल-जाईल त्याला सांगते, "डोये गेले अन् मानूस खचला." आत्ताही चुलीजवळून विचारतेय, "काय लिवून राहिली वं एवढं?"

"शेतावरचं काम हाय," असं मी तिला सांगितलं.