कुलपातलं मुलांचं कपाट

प्रिय पोलिक्सेनीताई,

नात झाल्याचं कळलं आणि डोळे भरून आले. चाळीस दिवस होईपर्यंत बाळंतिणीला सोडून पात्रा शहरातून हलू नकोस, इथे सगळं ठीक आहे, असंच लिहायला बसले होते. पण माझी थाप तुला लगेच कळते. ठीक नाहीये, ताई. आपल्या इस्पितळात अपघात विभागाचं दार वाजलं की मी हातातलं सगळं टाकून धावते, मग आत बोटात गळ रुतलेला कोळी का आलेला असेना.

मुलांसाठीचं सामान बेटावर आलं तो दिवस आठवतो? बोटीतून खोकी उतरली, पाद्रीबाबांनी सब्जाच्या जुडीनं तीर्थ शिंपडलं. इवलेसे मास्क, बारीक नळ्या, पोराला मापून औषध किती द्यायचं ते सांगणारी रंगीत पट्टी, सगळं तू लोखंडी कपाटात लावलंस आणि कुलूप घातलंस. आपल्याकडे पाहुण्यांची खोली अशीच जपतात, चादरी घालून, किल्ली कमरेला खोचून, घरच्या पोरांना उंबऱ्याबाहेर ठेवून. डॉक्टर इओर्दानिस तुला कपाटाची सासू म्हणायचे आणि तू ते कौतुकानं मिरवायचीस.

गेल्या मंगळवारी भर दुपारी, सारं गाव आडवं झालेलं असताना, बेकरीवाल्या थिमियोची आर्गिरो गच्चीवरून पडली. तीच ती, पाच वर्षांची, तुझ्या नर्सच्या टोपीला हात लावल्याशिवाय पुढे न जाणारी. बापानं उचलून आणली तेव्हा श्वास अडकत होता. मोठ्यांचा मास्क तिच्या कपाळापासून हनुवटीखालपर्यंत आला, हवा बाजूनं निसटायला लागली. मी दोन्ही हातांनी दाबून धरला, डॉक्टर हवा भरायचा फुगा दाबत राहिले, पण ओठ निळेच. त्यांनी एवढंच विचारलं, "स्तमाता, किल्ली कुठंय?"

किल्ली तुझ्या पर्समध्ये, समुद्रापलीकडे. ते कुणाच्या ध्यानात येईना. वॉर्डबॉय तुझ्या घराकडे पळाला आणि दारातली सब्जाची कुंडी उचलून बघितली, कारण अख्खं बेट किल्ल्या तिथेच ठेवतं. घराची सापडली, कपाटाची नाही. शेवटी बंदरावरून पहार आणून दार उचकटलं. छोटा मास्क बसला, छाती वर आली, आणि मी तिथेच रडले. हेलिकॉप्टरनं तिला अथेन्सला नेलंय. जिवंत आहे. डोळे उघडते, पण आईला अजून ओळखत नाही. थिमियो मधूनच येऊन आमच्यासाठी पाव ठेवून जातो. किल्ली कुठं होती, हे तो कधीतरी विचारेल याचीच मला भीती वाटते.

तुला बोल लावायला हे लिहीत नाही. तू चोरांना भ्यालीस, आम्हीही भ्यायलो होतो. पण इस्पितळाच्या मोठ्या साहेबांनी नवं कुलूप मागवलंय, "पोलिक्सेनीबाई आल्या की त्याच लावतील" म्हणून. माझं कोण ऐकतंय? मी कपाटाचं वाकलेलं दार बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलंय. ते परत बसवायचं नाही, असं तू स्वतः त्यांना कळव, तुझा शब्द ते मोडणार नाहीत. ऑगस्टात पनागियाच्या, मेरीमातेच्या सणाला तू नातीला घेऊन येशील. सगळ्यात लहान मास्क, अक्रोडाएवढा, मी पुढेच काढून ठेवलाय. देव करो आणि तो कुणालाच न लागो. पण नात इथे उतरायच्या आत साहेबांना कळव.

तुझ्या उत्तराची वाट बघणारी, तुझीच,
स्तमाता