आबांच्या खुणांचं कुलूप

देवगड
२८ सप्टेंबर २००९

प्रिय स्वरूप,

तुझी मेल सायबर कॅफेत दोनदा वाचली आणि घरी येऊन कागद घेतला, कारण तिथल्या दहा मिनिटांत माझा राग टाईप करून होत नाही. तुझं म्हणणं असं की आबांच्या मासे मिळण्याच्या जागांच्या खुणांच्या फाईलला आपण जे कुलूप घातलं, ते सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यानेच दोन वर्षांपूर्वी सोडून दिलं. आता त्यातली भोकं कोणी बुजवणार नाही, नव्या लिनक्सवर ते चालणारही नाही. म्हणून मी फाईल काढून तुला पाठवावी, तू ती पुण्यात नव्या कुलपात ठेवशील. तर ऐक, मी काढणार नाही. नव्या लिनक्सवर चालत नसेल तर नवं लिनक्सच घालणार नाही. भिकाजी सुतार जाऊन बारा वर्षं झाली. त्याने बांधलेल्या होडीतून आबा पुढे दहा वर्षं दर्यात गेले, सुतार मेला म्हणून ती कोणी किनाऱ्यावर ओढून ठेवली नाही. भोकांचं तू खोटं सांगत नाहीस, तेवढं मला कळतं. कॉम्प्युटर क्लासात शिकवते मी. म्हणूनच इंटरनेटची तार काढून टाकली आहे. आता चोराला यायचं तर पडवीतूनच यावं लागेल.

कुलूप का घातलं ते तरी आठवतं का? हरिश्चंद्रकाकांनी सगळ्या जागा साठवलेलं त्यांचं जीपीएस एका पाहुण्याला दोन दिवस दिलं आणि आठवड्यात पर्ससीनच्या मोठ्या जाळ्यांवाल्या बोटींनी त्यांचं खडप, पाण्याखालचा तो मासळीचा कातळ, खरवडून नेलं. काकांनी त्या वर्षी परत होडी काढलीच नाही. तेव्हा आबांनी आपल्या अठरा खुणा पहिल्यांदा तोंडाबाहेर काढल्या, त्याही माझ्याजवळ. कुणकेश्वराचा कळस आणि मागचा बोडका डोंगर एका रेषेत आला की खाली तांबोशी माशाचं खडप, अशा. शेजारी हसले, मुलीला कसल्या खुणा सांगतोस म्हणून. आबा म्हणाले, "चेडू दर्यात जावचा नाय, पण ता कोणाक सांगूचा पण नाय." मी लिहिलं, तू कुलूप घातलंस. पासवर्ड काय ठेवू विचारलंस तर म्हणाले, पहिला मासा ओढताना मी जे म्हणतो ते ठेव. तू हसत हसत तेच टाकलंस.

अर्धांगवायूने आबांची वाचा गेली त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी मी फाईल उघडून त्यांना एकेक खूण वाचून दाखवते. ते मान हलवतात. सातव्या खुणेला यंदा हलवली नाही, मग लक्षात आलं, त्या खुणेचा माड पावसात पडला, हे त्यांनी पडवीतल्या बोलण्यात ऐकलं होतं. तशी नोंद केली. एवढंच आता त्यांचं दर्यात जाणं आहे.

आणि चतुर्थीला घरी आलास तेव्हा मी बाजारात गेले असताना तू काय केलंस? स्वतःच लिहितोस, ‘मासा गावला’ चार वेळा टाकलं, उघडलं नाही, म्हणजे सॉफ्टवेअर बिघडलं. मला विचारावंसंही वाटलं नाही तुला! फार लागलं मला ते. सॉफ्टवेअर धड आहे. कालच उघडलं मी.

एवढंही मी पोटात घातलं असतं. पण परवा निकेत आला होता, तुझा कॉलेजातला मित्र. त्याने पर्ससीनची बोट घेतली आहे. पेढ्यांचा पुडा आबांच्या खाटेवर ठेवून म्हणाला, स्वरूपने खुणा देतो म्हणून शब्द दिलाय, तुम्ही फाईल तेवढी पाठवा. आबांची वाचा गेली आहे, कान शाबूत आहेत. त्यांनी चांगल्या हाताने पुडा खाली ढकलला आणि संध्याकाळपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडले. म्हणून हे पत्र. कुलूप तेच राहील, पासवर्डही तोच. तुझी चूक मी लपवत नाही, सांगूनच टाकते. ‘मासा गावला’ असं आबा जन्मात म्हणाले नाहीत, ती तुझी पुण्यात जाऊन बदललेली भाषा. ते म्हणायचे, "मासो गावलो." कळलं आता? दिवाळीला ये. कॉम्प्युटर त्यांच्या खाटेशेजारीच आहे. त्यांच्यासमोर बस, त्यांना ऐकू जाईल असं ते मोठ्याने म्हण, कुलूप उघड, आणि निकेतला काय द्यायचं ते त्यांच्या डोळ्यांत बघून उतरवून घे.

अजून तरी तुझीच,
आनंदीताई