खिळ्याची परवानगी

३ मार्च
खिळा नामंजूर. कॅलेंडर टांगायला एक खिळा ठोकू का, असा रीतसर अर्ज केला होता. इमारतीच्या व्यवस्थापकांचं उत्तर एकवीस दिवसांनी आलं – ‘कारण पुरेसं नाही.’ म्हणजे आता खिळ्यालाही कारण लागतं!

५ मार्च
दुसरा अर्ज टेबलावर तसाच पडलाय, कायमच्या वास्तव्याचा. शेवटची तारीख एकतीस. भरला तर जन्मभर इकडेच. नाही भरला तर नोकरीचा करार संपताच गाशा गुंडाळायचा.

इकडे सुख आहे, खोटं कशाला बोलू. नळाचं पाणी थेट पिता येतं. बाकावर विसरलेलं पाकीट दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर सापडतं. फक्त तोंड उघडायचं नाही. परवा लॅबमध्ये कवळीचे दात मेणात बसवता बसवता मी महापौरांच्या भाषणाची नक्कल केली. कोणी हसलं नाही. दुपारी साहेबांनी बोलावलं – ‘जरा जपून.’ दिवसभर दात घडवायचे, तेही तोंड न उघडणाऱ्या लोकांसाठी!

तिकडे माझ्या आईने वर्तमानपत्रात नुसती पत्रं लिहून नगरपालिकेच्या तोंडाला फेस आणलाय. मला तसं जगायचंय.

१० मार्च
आई आली. तीन आठवड्यांसाठी चार बॅगा. त्यातल्या एकीला हात लावू देत नाही. ‘म्हाताऱ्या माणसाला सतरा वस्तू लागतात गं.’

१२ मार्च
जेवताना दोनदा उठून दाराची कडी बघून आली. इकडे कडी लावली नाही तरी चालतं, म्हटलं. ‘सवय गं.’ खिडकीजवळची खुर्ची तिला दिली, तर उचलून भिंतीशी नेली. वय झालं, दुसरं काय.

१६ मार्च
आईला म्हटलं, व्यवस्थापकांना खिळ्याबद्दल तुझ्या हातचं एक खरमरीत पत्र जाऊ दे. ‘राहू दे. खिळ्यावाचून काय अडलंय?’
ही माझी आई? एका उघड्या गटारासाठी अकरा पत्रं छापून आणणारी? विमानात बदलून दुसरीच पाठवली की काय!

२० मार्च
कामावरून आले तर आई घरात नाही. खाली उतरून गल्लीच्या टोकापर्यंत पाहून आले. अर्ध्या तासाने उगवली, चपला हातात. ‘नदीपर्यंत गेले. एकटी. एकदाही मागे वळून पाहिलं नाही.’ तोंडभर हसत होती. मला रागच आला. फिरायला गेली होती, एवढं काय त्यात?

२४ मार्च
ठरलं. अर्ज भरायचा नाही. जेवताना आईला सांगून टाकलं – मीही परत येते, तुझ्याच घरी राहू, गच्चीवर उभं राहून वाटेल त्याला नावं ठेवू. वाटलं, उठून जवळ घेईल. तिने ताट बाजूला सारलं. ‘आधी ती बॅग उघड.’

आत जुन्या चादरीत बाबांचा फोटो. हॉलमधला, चौकटीसकट. सोबत कागदाच्या पुडीत त्याचा खिळा.

‘घर सोडलं मी,’ आई म्हणाली. शेवटचं पत्र चोरून वाळू उपसणाऱ्यांवर होतं. ते छापून आलं आणि त्याच आठवड्यात खिडकीतून दगड आला. मग धमक्यांचे फोन. मग भाजीला निघाली की मागे एक मोटारसायकल. पोलिसांचा सल्ला – ‘आजी, लिहूच नका.’
‘सहा महिने खिडकी उघडली नाही. तुला काय सांगणार? तू दर रविवारी विचारायचीस, तिकडे किती मोकळं वाटत असेल ना, आई?’

खरंच विचारायचे. दर रविवारी. लाज वाटली मला, आणि खूप रडले.

२५ मार्च
साहेबांना सांगून लॅबला दांडी. आई आणि मी नदीवर. मीही चपला हातात घेतल्या.

३१ मार्च
सकाळी मोठा अर्ज देऊन आले. आता छोटा. खिळे – एक. कारणाचा रकाना दोन ओळींचा आहे. आई खुर्ची उचलून खिडकीपाशी बसली आणि पेन मागितलं. मागची बाजू भरली, आता दुसरा कागद मागतेय.