शेवटचं प्रकरण हॉलमध्ये

गुरु. ९ जाने.
चर्चच्या हॉलचे पत्रे उतरवलेत, म्हणून वाचनमंडळ आजपासून आमच्या पडवीत. चक्क सोळा जण! डिसेंबरात पाळकसाहेबांनी आत्मिक जीवनावरचं पुस्तक लावलं होतं, तेव्हा शेवटी मी, मार्था आणि डुलक्या काढणारे डेव्हिडमामा एवढेच उरलो होतो. पाळकसाहेब तरुण आहेत, त्यांना लगेच उमगलं. आता रहस्यकादंबरी. एकच प्रत, पाळकसाहेबांनी आधी वाचलेली; आळीपाळीने मोठ्याने वाचायची, पुढचं पान कुणी उघडायचं नाही. बंगल्याच्या म्हाताऱ्या मालकाला दुधातून विष. संशय भाच्यावर, नर्सवर, माळ्यावर.
आमचे हे अर्थातच आत बसून. पण खिडकी उघडी. डास येतील म्हटलं, तर 'येऊ देत.'

शुक्र. १० जाने.
चहा पिता पिता हे एकदम म्हणाले, "नर्स नव्हे. दूध तापवलं कुणी, ते कुणी विचारलंच नाही."
मी हसू दाबलं. ऐकतायत तर!

रवि. १२ जाने.
उपासनेला गेले. ह्यांनी नेहमीप्रमाणे स्कूटरवरून फाटकापर्यंत सोडलं आणि समोरच्या टपरीवर पेपर घेऊन बसले. तीन वर्षं झाली. आधीचे पाळक भर उपासनेत म्हणाले होते, "सॅमभाऊ, दोन कडवी पुरे, उशीर होतोय." ह्यांनी तिसरं कडवं अर्धवट सोडलं, पेटी मिटली आणि निघून आले. ते पाळक कधीच बदलून गेले. ह्यांचा रुसवा मात्र इथंच मुक्कामाला. पेटीला तेव्हापासून हात नाही.

गुरु. १६ जाने.
वाचन + पोपटी! मागच्या वाडीत ह्यांनी स्वतः मडकं लावलं. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, वर भांबुर्डीचा पाला. पोपटी करणाऱ्याला बाहेर थांबावंच लागतं, त्यामुळे कुणाला काही म्हणता येईना. मधेच जाळापाशी बसून ओरडले, "माळ्याच्या हातात मोजे होते का हो?"
पाळकसाहेबांनी गंभीरपणे मागची पानं उलटून बघितलं. "नव्हते, काका."
"मग भाचा. सांगून ठेवतो."
शेंगा काय लागल्या होत्या! आमच्या पाहुण्यांच्या खोलीत भाड्यानं उतरलेलं ठाण्याचं जोडपंही वाचन ऐकायला येऊन बसलं. जाताना शेवट फोनवर कळवा म्हणाले.

रवि. २६ जाने.
अनर्थ!!
आज उपदेश येशूला पकडून देणाऱ्या यहूदाच्या चुंबनावर. पाळकसाहेब रंगात आले. "गोड बोलणाराच घात करतो, जसे आपल्या कादंबरीतले वकीलकाका. रोज सकाळी येऊन मालकाची विचारपूस करायचे, आणि दुधात विष..." मग थांबले. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. सगळ्या चर्चमधून एकच "आँ!" डेव्हिडमामा नेमके जागे होते. मार्था मोठ्याने म्हणाली, "पाळकसाहेब, हे हो काय!"
उपासना संपल्यावर अंगणात बेइमानी झाल्यासारखे चेहरे. म्हणे आता पुस्तक बंदच करू. तेवढ्यात मार्थानं फाटकाबाहेर बोट दाखवलं. टपरीवर हे पेपर वाचत बसलेले.
"अख्ख्या मंडळीत एकट्या सॅमभाऊंना शेवट ठाऊक नाही."
एकेक जण हसायला लागला. ठरलं. ह्यांच्यासाठी पुस्तक पुरं करायचं. कुणी तोंडातून अवाक्षर काढायचं नाही.

गुरु. ३० जाने.
असला अभिनय नाताळच्या नाटकातसुद्धा कधी झाला नव्हता. वकीलकाकांचं नाव आलं की सगळे छताकडे बघायचे. मार्थाला खोकल्याची उबळ. आज हे खिडकी सोडून दारात खुर्ची टाकून बसले. उंबऱ्याच्या आत, पण दारात.

रवि. २ फेब्रु.
हॉल तयार. पाळकसाहेब घरी आले, म्हणाले, "काकी, शेवटचं प्रकरण तेरा तारखेला हॉलमध्ये वाचू."
मी चिडले. "इथंच वाचा. ते नाही यायचे तिथं."
"पेटीही तिथंच आणून ठेवलीय, काकी. आता शेवट ऐकायचाय तो एकट्या काकांना."
रागच आला, कारण बरोबर बोलत होते. खून कुणी का केला असेना. मला ह्यांना त्या फाटकातून आत येताना बघायचंय, बस. तीन वर्षं बाकावर शेजारची जागा पिशवी ठेवून अडवते मी.

गुरु. ६ फेब्रु.
शेवटून दुसरं प्रकरण. सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलंय आणि इन्स्पेक्टर म्हणतो, खुनी ह्याच खोलीत आहे. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. "पुढचं हॉलमध्ये."
"हे काय? संपवा की इथंच!" हे दारातून.
"हॉल तयार झालाय, काका. या ना."
हे उठले, खुर्ची आत नेली. दार लावलं नाही, पण आतला टीव्ही लावला, मोठ्याने. मी स्वयंपाकघरात जाऊन जरा रडून घेतलं.

शनि. ८ फेब्रु.
सकाळी पांढरा कांदा चिरत होते, तर हे बाजूला येऊन उभे. "हॉलमध्ये पंखे लावले का गं?"
"लावले."
"नाही, म्हणजे, भाचाच आहे की नाही ते बघायला हवं. उगाच लोक म्हणतील, सॅम हरला म्हणून आला नाही."
देवा, तुझे आभार! आणि रहस्यकादंबऱ्या लिहिणाऱ्यांचेही. मार्थाला लगेच फोन केला. ती तिकडे ओरडलीच.

बुध. १२ फेब्रु.
आज थळची हिराबाई मासळी घेऊन आली. मांदेली मोजता मोजता म्हणते, "बाय, तुमचा त्यो वकील पकडला का न्हाय अजून?"
मी ताट खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"
"मार्थाबायनं. शुक्रवारी सॅमदादाला पन बोलले मी, त्या वकिलानंच मारला ना म्हून. दादा बोलले, व्हय, पन आमच्या घरात ह्ये बोलू नको. म्हून मी कुनाला बोलले न्हाय हा."
शुक्रवारी. आणि पंखे विचारले शनिवारी.
ओट्याशी उभी राहून मी किती वेळ हसत होते. डोळेही पुसत होते. मार्थाला नाही सांगितलं. पाळकसाहेबांनाही नाही सांगणार. ह्यांना तर मुळीच नाही.

गुरु. १३ फेब्रु.
दाढी झाली. निळा शर्ट स्वतः इस्त्री केला, कॉलरवर जरा चुरगळलाय. म्हणाले, "बघच तू, भाचाच निघणार."
म्हटलं, "असेलही."
"आणि मी मागेच बसणार. वाचन संपलं की लगेच निघायचं."
"बरं."
चष्मा घेतला का विचारलं. "चष्मा कशाला? ऐकायचंच तर आहे." शर्टाच्या खिशात चष्मा होता. चष्म्यामागे गायनांचं छोटं पुस्तक. मी नजर वळवली.
बाहेर हॉर्न वाजतोय. तीन वर्षांत पहिल्यांदाच ह्यांना घाई झालीय आणि मला साडीची पिन सापडत नाहीये.