काऊन नावाचं इंजिन

सर, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नाही, चिडले. मला एकदा तुमची मान खाली घालायला लावायची होती, आणि तुम्ही त्याआधीच सटकलात. इतकी वर्षं झाली तरी राग काही निवला नाही. आता सांगण्यासारखं घडलंय, म्हणून लिहायला बसले.

आदिलाबादच्या पॉलिटेक्निकमधला तो बॉयलरचा तास आठवतो का? तुम्ही शिकवायचात इंग्रजीत, समजवायचात तेलुगूत, आणि मराठी राखून ठेवायचात माझी टिंगल करायला. मी तिथल्याच बेला गावाकडची, कापूसवाल्या घरातली. वेचणी संपली की कपाशीची वाळकी पऱ्हाटी उपटायची, थोडी चुलीत घालायची आणि बाकीची बांधावर पेटवून द्यायची, हे लहानपणापासून बघत आलेली. त्याच पऱ्हाटीचा कोळसा करून वाफेचं इंजिन चालवायचं, असा प्रकल्प मी मांडला. तुम्ही म्हणालात, राख वितळेल, विस्तवाखालची जाळी बुजेल, गाडी जागची हलणार नाही. मी उभी राहून विचारलं, "काऊन सर?" झालं. तुम्ही खडू ठेवलात, चष्मा काढलात आणि माझाच हेल काढून म्हणालात, "काऊन? 'का' म्हणायला जीभ वळत नाही, आणि बाई आगगाडी चालवणार!" वर्ग खदाखदा हसला. उत्तर मात्र तुम्ही दिलंच नाही. त्या दिवसापासून हजेरी घेतानासुद्धा मी काऊन झाले. इंजिनाऐवजी माझ्या हातात पिठाच्या गिरणीचा प्रकल्प दिलात, आणि निरोपाच्या दिवशी सगळ्यांना पेन वाटून मला लाल फीत बांधलेली पऱ्हाटीची मोळी दिलीत. "घे, तुझं इंजिन!"

ती मोळी मी बसमधून मांडीवर घेऊन घरी आणली. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. मी घडलेलं सांगितलं, तर ती म्हणाली, "जाळून टाक ना वं थे. कायले ठेवून राह्यली?" मी म्हटलं, "जाळीन आई, पन आत्ता नाई." मोळी चुलीमागच्या फळीवर पडून राहिली. फीत उंदरांनी खाल्ली, काड्या तेवढ्या राहिल्या.

आता माझं आदिलाबादजवळ मावल्याला वर्कशॉप आहे. तिथल्या एका बागेत मुलांना फिरवायला छोट्या रुळांवरचं एक जुनं वाफेचं इंजिन आणून ठेवलं होतं. दगडी कोळशाचा धूर नको, म्हणून बागवाले त्यात डिझेलचं यंत्र बसवून धुराडं नुसतं शोभेला ठेवणार होते. मी म्हटलं, मला एक हंगाम द्या. पऱ्हाटी बंद पिंपात कोंडून भाजली, कुटली, शेणकाल्यात मळून तिच्या कांड्या वळल्या. पहिल्या खेपेला अर्धा कोळसा ठिणग्या होऊन धुराड्यातून उडाला, आणि उरलेल्याची राख वितळून जाळीवर काचेसारखी चिकटली. अगदी तुम्ही म्हणाला होतात तशी. छिन्नीनं ती खरवडताना मी तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या, की माझा फिटर बाहेर जाऊन बसला. पण यावेळी काऊन विचारल्यावर हसणारं कोणी नव्हतं. खालची हवा कमी केली, विस्तवाच्या वरून जास्त दिली, जाळीखाली थोडी वाफ सोडली. राख भुसभुशीत पडायला लागली.

मग मी इंजिनावर लावायला पितळेची पाटी करून घेतली. त्यावर एकच शब्द, काऊन. आणि पहिल्या फेरीला मुद्दाम हैदराबादहून तुमच्या मुलाला बोलावलं. तुम्ही नाही तर तुमचं रक्त तरी. पांढऱ्याशुभ्र शर्टात आला होता, त्याला मी इंजिनाला लागून पहिल्या डब्यात, धुराच्या वाटेत बसवलं. त्याच्यासमोर तुमच्या त्या मोळीच्या काड्या मोडून विस्तव पेटवला. गाडी हलली सर. भरलेले तीन डबे घेऊन चढ चढली. शर्टावर काजळीचे ठिपके पडले ते बघून मला काय बरं वाटलं, सांगू नये.

उतरल्यावर तो पाटीपाशी थांबला. "काऊन म्हणजे? काऊ का? काळं इंजिन, म्हणून कावळा?"

मी त्याला सांगितलं, "काऊन म्हणजे का. तुमच्या वडिलांनी मला ठेवलेलं नाव. घरी कधी बोलले असतील ना?"

तो आठवत राहिला, मग ओशाळून हसला. "नाही हो. बाबा सगळ्यांनाच नावं ठेवायचे. मला तर बारा वर्षं बटाटा म्हणायचे."

म्हणजे तुम्ही विसरूनही गेला होतात. ज्या शब्दावर मी उभं आयुष्य दात धरून बसले, तो तुम्ही खडूच्या भुकटीसारखा हात झटकून टाकला होतात. सर, त्या हसण्यापेक्षा मला हे जास्त लागलं. माफी मी तुम्हाला आजही देत नाही, आणि हे पत्र पाठवायला तुमचा पत्ताही नाही. वर्कशॉपच्या खणात पडून राहील.

एवढंच कबूल करते. रविवारी बागेत पोरं रुळांच्या कडेनं धावत ओरडतात, "काऊन आली, काऊन आली!" तेव्हा इंजिन समोर दिसत असूनही मीच मागे वळून बघते.