पाच सीझन आणि एक डावी काडी

२ मार्च, रविवार
मेहुण्याने घर बदललं आणि त्याचा जुना डीव्हीडी प्लेअर माझ्या गळ्यात मारला. सोबत एका पोलीस मालिकेचा खोका. पाच सीझन, तीस डिस्क. सहज पहिला एपिसोड लावला. दहाव्या मिनिटाला एका माणसाचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटून फुटतं. मागे म्युझिक नाही. माणूस मरतो आणि फक्त फ्रिजची घरघर ऐकू येते. इन्स्पेक्टर वाकून बघतो, लिहायला पेन काढतो, पेन चालत नाही. याला म्हणतात वास्तव. आजवर पाहिलं ते सगळं पोरखेळ.
संकल्प: रोज एकच एपिसोड. शिस्त म्हणजे शिस्त.

३ मार्च
काल एकूण चार झाले. पहिला दिवस धरत नाहीत.
बायको मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीत नर्स आहे. सगळी बिल्डिंग तिला सिस्टर म्हणते, म्हणून वहीत मीही तेच लिहितो. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आता गैरसमज व्हायचा नाही. तिला आग्रहाने बसवलं. सहा मिनिटं पाहिलं, म्हणाली, डोक्याला एवढं लागलेला माणूस असा पडत नाही. मग बसल्या जागी झोपली. दिवसभर फुटक्या डोक्यांत राहून बाईला वास्तवाची आवड नाही.

६ मार्च
तळमजल्यावरचे प्राध्यापक पाण्याच्या टाकीच्या अर्जावर सही घ्यायला आले आणि बसले. अत्यंत सभ्य माणूस. चपला सुद्धा जोडीने काढून ठेवतो. स्वयंपाकघरात एका खबऱ्याला बुकलून काढतात तो एपिसोड चालू होता. घरी डिस्क असण्याचा हाच फायदा, मागे नेता येतं. एक ठोसा आम्ही अकरा वेळा पाहिला. प्राध्यापक म्हणाले, आवाज खोटा आहे. खरं मारताना एवढा आवाज होत नाही. अभ्यास दांडगा. शेवटी शिकलेला माणूस.
आता रोज संध्याकाळी सातला येणार. प्रत्येक इन्स्पेक्टरला पार्टनर लागतोच.

८ मार्च
दुकानात प्राध्यापकांची बायको आली. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, फ्रेम्स दुरुस्त करतो. बावीस वर्षं. वहिनींच्या फ्रेमची डावी काडी बिजागरीतून निघाली होती. म्हणाल्या, दार लागलं. नवी बिजागरी बसवली, दार हळू ओढत जा म्हणून सांगितलं. काम झालं तरी उभ्याच. सिस्टरची ड्युटी किती वाजता असते, विचारत होत्या. मी त्यांना दुसऱ्या सीझनची गोष्ट सांगितली.

११ मार्च
एक गंभीर बाब. वरच्या मजल्यावरून रोज सकाळी आणि संध्याकाळी सातला धप्प असा आवाज येतो, मग कण्हणं. वर पैलवान राहतो. टेम्पो चालवतो. मान माझ्या मांडीएवढी. चौदाव्या एपिसोडमध्ये अशाच मानेचा माणूस बायकोला जिन्यावरून ढकलतो. पैलवानाची बायको कधी दिसलेली नाही. म्हणजे काय ते उघड आहे.
सिस्टर म्हणाली, वर त्याचे आजारी वडील असतात. म्हणजे बळी एक की दोन?

१३ मार्च
संकल्प: रोज पन्नास जोर. सहा झाले. खांदा धरला.

१५ मार्च
वहिनी पुन्हा. तीच डावी काडी, या वेळी पार दुमडलेली. दुकानाच्या आतसुद्धा काळा गॉगल. मी म्हटलं, नंबरचाच गॉगल करून घ्या, एका कामात दोन कामं. हसल्या नाहीत.
जेवताना सिस्टरला सांगितलं, काही लोकांना वस्तू जपता येत नाहीत. तिने हातातला ग्लास खाली ठेवला. विचारलं, कुठली बाजू? म्हटलं, डावी. आणि मागच्या वेळी? डावीच. मी अनुभवाने खुलासा केला, की त्या डाव्या कुशीवर झोपत असणार. सिस्टर जेवण अर्धं टाकून खाली साखर मागायला गेली. घरात साखर होती.

१८ मार्च
सिस्टर रोज ड्युटीच्या आधी खाली जाते. आल्यावर म्हणाली, त्या माणसाला घरात घेत जाऊ नका. कारण विचारलं तर म्हणे, तुमच्या पोटात काही राहत नाही. माझ्या छंदावर जळते, दुसरं काय.
प्राध्यापकांनीही सहज विचारलं, बायका काय बोलत असतात? म्हटलं, शोधून काढतो. पार्टनरपासून काय लपवायचं?

२० मार्च
वहिनी तिसऱ्यांदा. डावी काच फुटलेली, भुवईवर पट्टी. पायरी चुकली म्हणे. मी शांतपणे समजावलं, घरी एवढा जपणारा माणूस असताना आपणही थोडं जपावं.  त्या चष्मा केससकट ठेवून गेल्या.

२२ मार्च, शनिवार. सायं. ६.३०
आज कारवाई. सातच्या ठोक्याला धप्प झालं की दार तोडायचं. मालिकेत दाखवतात तसं, कुलपाच्या शेजारी टाच. प्राध्यापक मागे राहतील.
जाता जाता एक गंमत. वहिनींच्या चष्म्याच्या केसमध्ये चिठ्ठी सापडली, अक्षर सिस्टरचं. ‘सोमवारी अकरा. बॅग माझ्याकडे आहे. मी बाहेर थांबते.’ दोघींचा सहलीचा बेत दिसतो आणि नवऱ्यांना पत्ता नाही! प्राध्यापक आले की दाखवतो. हसतील.

२३ मार्च. कॅज्युअल्टी, बेड नं. ४
उजव्या हाताला पट्टी. डाव्याने लिहितोय. क्रमाने लिहायला हवं.
प्राध्यापकांनी चिठ्ठी दोनदा वाचली. हसले नाहीत. घडी घालून खिशात ठेवली. म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, मी आलोच.
धप्प झालं. मी लाथ घातली. दाराला कडी नव्हती.
मी उडत आत गेलो तो पैलवानाच्या पाठीवर. तो वडिलांना पलंगावरून उचलून खुर्चीत बसवत होता. वडील अंगाने जड आहेत, कमरेखाली जीव नाही. खुर्चीत बसले की धप्प होतं. रोज दोन वेळा. मी त्याची मान धरली आणि ओरडलो, बायको कुठाय? त्याने मला झटकलं. मनगट पलंगाच्या कडेवर. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मग त्याने वडिलांना नीट बसवलं, पायांवर चादर घातली, चादरीची चुणी काढली. त्यानंतर येऊन मला एक ठेवून दिली. एकच. दोन दात जमिनीवर, तिसरा गिळला असं सिस्टरचं मत.
मग त्यानेच मला खांद्यावर टाकलं, दवाखान्यात न्यायला. मी उलटा लटकत होतो, रक्त नाकात जात होतं. तळमजल्यावर दार अर्धं उघडं. वहिनी खाली पडलेल्या. प्राध्यापक त्यांना लाथा घालत होते, एका हातात ती चिठ्ठी. चेहऱ्यावर राग वगैरे काही नाही, कामात असल्यासारखा. आवाज खरंच फार होत नव्हता.
पैलवानाने मला पायरीवर ठेवलं, आत गेला. त्यालाही एकच.
टेम्पोत आम्ही शेजारी शेजारी. वहिनींनी गाल दोन्ही हातांनी धरला होता. बोटांमधून रक्त माझ्या पँटवर येत होतं. काहीतरी बोलायला हवं होतं. तोंडात दात नव्हते, हे एक कारण.

२४ मार्च
सिस्टरने सोमवारबद्दल एकदाच विचारलं. त्याला कसं कळलं? मी म्हटलं, जबडा दुखतोय. तिने दुखण्याची गोळी आणून दिली आणि दुसऱ्या पेशंटकडे गेली. ओठाचे टाके मात्र तिने घातले नाहीत. डॉक्टरला घालायला लावले.

२६ मार्च
हवालदार आले. जबाब. मी उठून बसलो, केस नीट केले. मला वाटलं, दिवा तोंडावर, उलटसुलट प्रश्न. त्यांनी दुकानाची दुरुस्तीची वही आणली होती. तीन तारखा, तिन्ही वेळा ‘डावी बाजू’, माझ्याच अक्षरात. म्हणाले, उपयोगी पडेल. चार ओळी लिहिल्या. सही मी डाव्या हाताने केली. जाता जाता विचारलं, तुम्हाला कधी संशय नाही आला? मी पैलवानाबद्दल सविस्तर सांगायला लागलो. त्यांनी पेनला टोपण लावलं.
पैलवानाने तक्रार केलेली नाही. वडिलांसाठी रात्रीपुरतं कोणी मिळेल का, एवढंच सिस्टरला विचारत होता.

३० मार्च
घरी. पाचवा सीझन शिल्लक आहे. लावला नाही. हात दुखतो.

१२ एप्रिल, शनिवार
वहिनी दुकानात आल्या. बहिणीकडे राहतात. डावा गाल अजून आत बसलेला. प्राध्यापक आत आहेत, जामीन झालेला नाही. सिस्टर माझ्याशी कामापुरतं बोलते. चिठ्ठीचं मी अजून कोणालाच सांगितलेलं नाही. इथेच लिहिलंय.
नवी फ्रेम हवी होती. मालक बाहेर होते, म्हणून माप मीच घेतलं. फ्रेम चढवायला हात पुढे केला तशी त्यांनी मान मागे घेतली. मग स्वतःच पुढे आणली. मी काड्या कानामागे बसवल्या, आधी उजवी, मग डावी.
आरशात बघता बघता म्हणाल्या, “दुसरं दुकान आपल्या बिल्डिंगच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे. मी मुद्दाम इतक्या लांब तुमच्याकडे यायचे. वाटायचं, हा माणूस रोज मोडलेले चष्मे बघतो, याला कळेल. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती.” फ्रेम काढून हातात घेतली. “तुम्हाला कळलं होतं ना?”
मी म्हणालो, थोडी कल्पना आली होती.
आली नव्हती.