पुस्तकातल्या बाईचा वाटा

प्रवीणदादा,

"पळसदरीत बसून भारतीय इंग्रजी साहित्यात एम.ए.? पुस्तकं कुठून आणशील? नाद सोड," असं तू म्हणालास. ऐक. व्याख्यानं, लेख, मुलाखती, सगळं नेटवर फुकट आहे. ज्ञान ही कुणाच्या कपाटात कुलूपबंद ठेवायची चीज नाही, हे मी महिला मंडळाच्या प्रत्येक सभेत ठणकावून सांगते. आता ते माझ्या मोबाईलमध्ये आहे.

अडचण सासूबाईंची होती. "भात झोडायचं सोडून कानात काय घालून बसतेस गं? यंदा शिक्षण बंद," त्यांनी सुनावलं. मग मी खळ्यावरच, झोडता झोडता, व्याख्यानात ऐकलेली कादंबरी मराठीत सांगायला घेतली. एका विधवेची जमीन दीर बळकावतो आणि ती पोरांना घेऊन गाव सोडते. बायकांचे हात चालू राहिले, तोंडं मात्र गप्प झाली.

संध्याकाळी रास झाली. गरजवंतासाठी सूपभर भात बाजूला काढायची आमची रीत. सासूबाईंनी आज दोन सुपं भरली.

"दुसरं कुणाला?"

"त्या बाईला. पोरं हायत ना तिला?"

"आई, ती पुस्तकातली हाय."

"मग पुस्तकातली म्हनून उपाशी ठेवायची? आन् पुढचं नीट ऐकून ठेव. उद्या सांगायचं हाय तुला."

हे पत्र मी पाठवणार नाही. तू याला अडाणीपणा म्हणशील, आपण भांडू, आणि आज मला भांडायला सवड नाही. उद्या खळ्यावरच्या बायका त्या विधवेला जमीन परत मिळते का, ते विचारणार आहेत.

तुझी धाकटी,
विनिता